डार्विन-काकाडूला सासू-सासऱ्यांना घेऊन जावं का?

ट्रामवाला (११ मे, रात्री ९.४०)
मंडळी, सल्ला हवाय. सासू-सासरे पुण्याहून तीन महिने आमच्याकडे मेलबर्नला आलेत, वय ६८ आणि ७३. बाबांचा एक गुडघा बदललेला आहे, आई पूर्ण शाकाहारी (कांदा-लसूण चालतं हे नशीब). मेलबर्नच्या जुलैत त्यांना हीटरसमोर बसवून ठेवण्यापेक्षा शाळेच्या सुट्टीत कुठेतरी उबेत न्यावं असं ठरतंय. केर्न्स मागच्या खेपेला झालं, म्हणून बायकोने आता ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाचं डार्विन काढलंय. सहा दिवस, आम्ही चौघं मोठे आणि एक आठ वर्षांचा उपद्व्यापी मुलगा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी लिचफिल्ड करावं की काकाडू की दोन्ही, फोर व्हील ड्राइव्ह लागतेच का, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या माणसांना झेपतं का? मगरींबद्दल वाचून बायको थोडी टरकली आहे पण कबूल करत नाहीये.

भोचक_भवानी
पहिली!! काकाडू आहे तर काकूडू कुठाय?

उंटावरचा_शहाणा
इथल्या लोकांचाच जुना विनोद आहे, काकाडू नाही, काका-डोंट. आम्ही २०१८ ला गेलो होतो. तीन तास सरळ रस्ता, दोन्ही बाजूला तीच ती झाडं, मग दगडावर चार चित्रं आणि एक तळं. धबधबे बघायचे म्हटलं तर रस्ता बंद. लिचफिल्ड डार्विनपासून दीड तासावर आहे, डांबरी रस्ता, गाडीतून उतरलं की धबधबा. सहा दिवसांपैकी दोन लिचफिल्डला द्या आणि बाकी डार्विनात बसून बिअर प्या. सासऱ्यांना चालत असेल तर त्यांनाही द्या.

टेरिटरीकर
डार्विनात नऊ वर्षं राहतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, जुलै निवडलात हे उत्तम केलंत. आमच्याकडे चार ऋतू वगैरे भानगड नाही, ड्राय आणि वेट. मे ते ऑक्टोबर ड्राय, पाऊस जवळजवळ शून्य, जुलैत दुपारी ३०-३१ आणि पहाटे १९-२० पर्यंत उतरतं, त्या १९ मध्ये आमची मंडळी जाकीट घालून फिरतात ते बघून तुम्ही मेलबर्नवाले हसाल. नोव्हेंबर ते एप्रिल वेट. या दोन्हीच्या मधला ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बिल्डअप, ढग रोज दाटून येतात, गडगडतात आणि न पडता निघून जातात. आपल्याकडे मे अखेरीस रत्नागिरीत जी घालमेल होते ना ती दोन महिने चालते असं समजा. त्याच सुमारास आंबे पिकतात म्हणून त्या दिवसांतल्या चिडचिडीला इथे मँगो मॅडनेस म्हणतात. पाऊस वर्षाला साधारण १७०० मिमी, म्हणजे मुंबईपेक्षा कमीच, पण पडतो तेव्हा आडवातिडवा पडतो आणि रस्ते पाण्याखाली जातात.

उंटावरचे म्हणतायत ते अर्धं खरं आहे. काकाडू जवळपास २०,००० चौरस किमी आहे, तिथे चेकलिस्ट घेऊन गेलात तर चिडून परत याल. जिम जिम धबधब्याची गंमत ही की जेव्हा तो धो धो कोसळत असतो तेव्हा रस्ता पाण्यात असतो, विमानातूनच बघायचा. रस्ता उघडतो तोवर पाणी रोडावत चाललेलं असतं, आणि शेवटचा दहाएक किमीचा पट्टा फोर व्हील ड्राइव्हशिवाय जमत नाही, वर दगडांवरून चालत जावं लागतं. बाबांचा गुडघा बघता ते नावच काढू नका. गुनलोमचा वरचा तलाव इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी बघितलेला असतो, पण पवित्र जागेजवळून पायवाट बांधली गेली यावरून मोठा वाद झाला आणि २०१९ पासून तो बंद ठेवला होता. त्यामुळे निघण्याआधी काय उघडं आहे ते पार्कच्या साइटवर बघा, हे रोज बदलतं.

पण उबीर आणि बुरुंगकुय (जुनं नाव नॉरलँजी) हे आदिवासींच्या चित्रांचे दोन कातळ आणि कुइंडाची यलो वॉटर तळ्यातली बोट, या तिन्ही ठिकाणी साधी गाडी जाते. तुमच्या मंडळींना हे तीनच पुरेत. दोन रात्री मुक्काम करा, एका दिवसात जाऊन येऊ नका. काकाडूतलं मुक्कामाचं गाव जबिरू डार्विनपासून २५० किमी आहे. अंधारात गाडी चालवू नका. वॉलबी, म्हशी, काहीही आडवं येतं.

पक्षीवेडी
यलो वॉटरची सूर्योदयाची फेरी घ्या, दुपारची नको!! पहाटे उठायला कुरकूर होईल पण नंतर घरचे तुमच्या पाया पडतील. काकाडूत २८० च्या आसपास पक्ष्यांच्या जाती आहेत, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या साधारण एक तृतीयांश. आपल्याकडचा कमळपक्षी आठवतो ना, लांब बोटांचा, पानांवरून चालणारा? त्याचा लाल तुरा असलेला भाऊबंद तिथे असतो. आणि कमळंही तीच, आपलीच गुलाबी. आमची आई बोटीत बसून म्हणाली, एवढी कमळं आणि एक देऊळ नाही. ब्रोल्गा दिसला तर सारसाची आठवण येईलच. डासांचं मलम विसरू नका, सांगून ठेवते.

कृष्णाकाठ
मगरींचं कौतुक सांगलीकराला सांगू नका राव. आमच्यात घाटावर बाया धुणं धुतात आणि पलीकडं वाळूवर मगर ऊन खात पडलेली असते. पूर आला की गल्लीत येते. तिकीट काढून बोटीतून मगर बघायची म्हणजे घरचं भडंग सोडून हॉटेलात चुरमुरे खाण्यासारखं.

टेरिटरीकर
@कृष्णाकाठ, मालक, तुमची ती मगर वेगळी आणि आमची वेगळी. इथली सॉल्टी म्हणजे खाऱ्या पाण्यातली, नर पाच मीटरपर्यंत जातो, आणि नाव खाऱ्या पाण्यातली असलं तरी नदीत, तळ्यात, डबक्यात कुठेही असते. दुसरी फ्रेशी, अरुंद तोंडाची, ती सहसा वाटेला जात नाही. १९७१ मध्ये टेरिटरीत (म्हणजे आमच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात) शिकारबंदी झाली तेव्हा सॉल्टी जेमतेम काही हजार उरल्या होत्या, आज लाखाच्या घरात आहेत. म्हणून साधा नियम, बोर्ड बघितल्याशिवाय पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही. लिचफिल्डचे डोह वेटनंतर रेंजर लोक तपासतात, पिंजरे लावतात, खात्री झाली की मगच उघडतात. उघडं असेल तर बिनधास्त डुंबा. समुद्र मात्र नुसता लांबून बघायचा, एक तर मगरी आणि ऑक्टोबर ते मे बॉक्स जेलीफिश. पोराला पोहायचंच असेल तर वॉटरफ्रंटला जाळी लावलेला लगून आणि लाटांचा तलाव आहे.

शंकासुर
जरा भाषेकडे वळू. मगर म्हणजे गोड्या पाण्यातली, आपल्या वाशिष्ठीत, कृष्णेत असते ती. सुसर म्हणजे कुणी घडियाल म्हणतं, कुणी सरसकट मगरीलाच म्हणतं. मग या खाऱ्या पाण्यातलीला मराठीत काय म्हणायचं? भारतात ती भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात आहे, आपल्या किनाऱ्यावर नाही, म्हणून बहुधा आपल्याला शब्दच नाही.
जाता जाता, काकाडूत ज्या तीन ॲलिगेटर नद्या आहेत त्यात एकही ॲलिगेटर नाही. फिलिप पार्कर किंग नावाच्या कप्तानाने मगरी बघून ॲलिगेटर समजून नाव ठेवलं ते तसंच राहिलं. म्हणजे सुसर-मगरीचा घोळ घालणारे आपण एकटेच नाही. आणि काकाडू हे गागुजू या भाषेच्या नावाचं बिघडलेलं रूप आहे, काका-काकू दोघांचाही संबंध नाही.

भोचक_भवानी
शंकासुर आले आणि माझ्या विनोदाचं श्राद्ध घातलं.

चिंबोरी
सगळे मगरी मगरी करताय, कुणी मुद्द्याचं बोलेल का? बारामुंडी बारामुंडी म्हणून जो मासा तिकडे डोक्यावर घेतलाय तो आपला जिताडा आहे!! लेट्स कॅल्करिफर, अगदी तोच. अलिबाग-पेणकडे खाडीलगतच्या शेततळ्यात वाढवतात, पूर्वी जावई आला की काढायचे. ट्रामवाले, तुम्ही जावई आहात, बघा बुवा.

उंटावरचा_शहाणा
पण तिथे पीठ लावून तळून चिप्सबरोबर देतात. जिताड्याचा अपमान.

चिंबोरी
😭

गोधडी
मी आईला घेऊन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले होते कारण तिकीट स्वस्त होतं. नका करू असं. बुरुंगकुयला अर्ध्या वाटेत आई सावलीत बसली ती उठेचना, मी टोपीने वारा घालतेय, पाणी संपलेलं. एका डच जोडप्याने त्यांच्या बर्फाच्या पेटीतून पाणी दिलं.
आणि एक, भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. आमच्या कंपनीने दिवसाला १०० किमीच फुकट दिले होते, ते बारीक अक्षरात. काकाडू आणि लिचफिल्ड करून आलो तर वरच्या किलोमीटरचे पैसे गाडीच्या भाड्याइतके झाले. काउंटरवरच्या पोराशी भांडले, उपयोग शून्य, सही माझीच होती ना. अमर्याद किमीवाली गाडी शोधा, मिळते.

निवांत_२
+१ गोधडी. आमच्या करारात तर शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू नाही असं होतं. आणि उबीरचा सूर्यास्त बघायलाच लोक जातात, म्हणजे जबिरूला मुक्काम असला तरी परतीचे ४० किमी अंधारातच. आम्ही एका टूरच्या बसमागे चिकटून आलो. कायदेशीर होतं का, नव्हतं. हायवेवर १३० ची मर्यादा आहे आणि समोरून रोड ट्रेन येतात, पन्नास मीटरच्या वर लांबी, तीन-चार डबे. ओव्हरटेक करताना बायकोने माझा हात असा धरला की वळ उठले.

ट्रामवाला
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. @टेरिटरीकर, उबीरला वर चढायला किती आहे? आणि आईंच्या जेवणाचं काय?

टेरिटरीकर
उबीरची चित्रं खालीच आहेत, सपाट वाट, एखाद किमीचा फेरा. वर जायचा कातळ अडीचशे मीटरच आहे पण दगड चढावे लागतात. बाबांना खाली ठेवा, ड्रायमध्ये रेंजर फुकट माहिती सांगतात त्यांच्याजवळ बसवा. जवळच काहिल्स क्रॉसिंग आहे, ईस्ट ॲलिगेटर नदीवरचा बुडता पूल, भरती आली की माशांसाठी मगरी ओळीने उभ्या राहतात. बघायला वेगळा चौथरा आहे, तिथूनच बघा, त्या पुलावर माणसांचे जीव गेलेले आहेत. पलीकडे आर्नहेम लँड, आदिवासींच्या मालकीचा मुलूख, परवान्याशिवाय जाता येत नाही.
जेवणाचं म्हणाल तर डार्विनात देशी दुकानं आहेत, शनिवारी परापचा बाजार आणि गुरुवार-रविवार संध्याकाळी मिंडिल बीचचा, दोन्हीकडे शाकाहारी काही ना काही मिळतं. इथे लक्सा (नारळाच्या दुधातल्या तिखट रश्श्यातल्या नूडल्स) म्हणजे आपल्या मिसळीसारखं आहे, कुणाची चांगली यावर भांडणं होतात, पण रश्श्यात कोळंबीची पेस्ट असते बहुतेक, आईंसाठी विचारून घ्या. काकाडूत मात्र हाल आहेत. दशम्या, चटणी, मेतकूट.

सह्यवेडा
मला एक प्रामाणिक शंका आहे. ती चित्रं खरंच जुनी आहेत का? मी असं वाचलं की नॉरलँजीची प्रसिद्ध चित्रं १९६० च्या दशकात रंगवलेली आहेत. मग कसली प्राचीन? आपल्याकडे अजिंठ्यावर कुणी नवा रंग चढवला तर?

शंकासुर
चांगला मुद्दा, पण तुलना चुकते. अजिंठ्याची परंपरा तुटली, चित्रकार नाहीत, म्हणून आपण ती जपून ठेवतो. तिथे ज्यांची चित्रं ती माणसं आहेत, त्यांच्यात पुन्हा रंगवणं हाच चित्र जिवंत ठेवण्याचा प्रकार. वारली भिंत दर लग्नाला नवी होते तेव्हा आपण तिला खोटी म्हणतो का? आणि सगळीच नवी नाहीत. उबीरला उंचावर पट्टेवाल्या थायलसीनचं (टास्मानियन वाघाचं) चित्र आहे, तो प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी संपला. त्याच परिसरातल्या मजेडबेबे या कातळाखाली माणसाच्या वस्तीच्या खुणा ६५ हजार वर्षांपर्यंत मागे जातात असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यावर वाद आहेत, पण वाद पाच-दहा हजारांचा धरला तरी आपली सगळी लेणी त्यात कुठल्या कुठे मावतात.

सह्यवेडा
वारलीचं उदाहरण पटलं. गप्प बसतो.

उंटावरचा_शहाणा
मान्य आहे हो सगळं, पण त्याच पार्कने चारी बाजूंनी वेढलेली युरेनियमची खाण होती, रेंजर, २०२१ च्या जानेवारीपर्यंत चालू. ते कुणी पर्यटकांना सांगत नाही. जबिरू गाव मुळात त्या खाणकामगारांसाठी वसवलं.

टेरिटरीकर
सांगतात की. गावात कुणालाही विचारा, तासभर सुटका नाही. आता गाव परत तिथल्या मूळ मालकांच्या, मिरार लोकांच्या हातात गेलंय. मगरीच्या आकाराचं हॉटेल बघितलंत ना २०१८ ला?

उंटावरचा_शहाणा
ते बघितलं. वरून बघितलं तरच मगर दिसते, खालून पार्किंग दिसतं.

ट्रामवाला (४ ऑगस्ट)
धागा वर काढतोय. जाऊन आलो! वृत्तांत लिहितो असं बायकोने परस्पर सांगून टाकलंय म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी टेरिटरीच्या म्युझियमला गेलो, फुकट होतं आणि एसी होता एवढाच विचार. तिथे स्वीटहार्ट म्हणून पाच मीटरची पेंढा भरलेली मगर आहे, हा पठ्ठ्या बोटींच्या इंजिनावर हल्ले करायचा, १९७९ मध्ये पकडताना बुडून मेला. चिरंजीव तिथून हलेनात. दुसरीकडे ट्रेसी वादळाचा भाग आहे. १९७४ च्या नाताळच्या रात्री वादळाने शहर जवळजवळ पुसलं, ६६ माणसं गेली, वारा मोजायचं यंत्रच २१७ किमीवर बंद पडलं. एक अंधारी खोली आहे, त्यात त्या रात्रीचा खराखुरा आवाज ऐकवतात. बाबा आत गेले आणि लगेच बाहेर आले. बराच वेळ बोलले नाहीत. मग बाकावर बसून सांगायला लागले की ६७ च्या डिसेंबरात ते पाटणला अकरावीत होते, कोयनेचा भूकंप पहाटे झाला तेव्हा आधी असाच आवाज आला होता, आणि आजीने त्यांना गोठ्यातून कसं ओढून काढलं. लग्नाला बारा वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं. बायकोलाही नव्हतं.

लिचफिल्ड सोपं गेलं. वांगीला गाडीतळापासून पाच मिनिटांत धबधबा, बाबा कट्ट्यावर, आम्ही पाण्यात. फ्लॉरेन्सला शंभराच्या वर पायऱ्या आहेत, तिथे बाबांना गाडीजवळ ठेवलं. पण हिट ठरली ती वारुळं! दोन मीटरच्या सपाट फळ्या उभ्या केल्यासारखी, शेकडो, सगळ्यांची कड उत्तर-दक्षिण, म्हणजे दुपारचं ऊन कडेवर पडतं आणि आत तापत नाही. आई म्हणाल्या, नागपंचमी तोंडावर आली आणि इथे एवढी वारुळं रिकामी. लांबूनच हात जोडले, पर्समधली साखर ठेवायला निघाल्या होत्या, बायकोने अडवलं. दोघींचं त्यावरून थोडं वाजलं.

काकाडूत दोन रात्री, कुइंडाला. @पक्षीवेडी, पहाटेच्या बोटीबद्दल तुमच्या पाया पडलो असं समजा. धुकं, कमळं, आणि बोटीपासून हातभर अंतरावर सॉल्टी, डोळे फक्त वर. मुलगा पहिल्यांदा सलग दोन तास गप्प होता. @गोधडी, अमर्याद किमीची गाडी घेतली, हजार किमीच्या वर झाले, वाचलो.

उबीरला गंमत झाली. बाबांना ठरल्याप्रमाणे खाली रेंजरबाईंजवळ ठेवलं आणि आम्ही वर निघालो, तर आई सगळ्यांच्या पुढे. साडी खोचून, मुलाचा हात धरून. वरून हिरवं पूरमैदान आणि सूर्य खाली जाताना, मी वर्णन करत नाही, जमणार नाही. खाली आलो तर बाबांनी इंद्रधनुष्याच्या नागिणीची अख्खी गोष्ट ऐकून ठेवलेली, तिने डोंगर-नद्या कशा केल्या वगैरे, आणि रेंजरबाईंना आपल्या शेषाची सांगितलेली. कुठल्या भाषेत देव जाणे, बाबांचं इंग्रजी बँकेतल्या फॉर्मपुरतं आहे. परतीला अंधार झाला, ताशी ६० ने आलो, मागच्यांनी काय शिव्या दिल्या असतील त्या दिल्या.

उंटावरचे, तुमचं एक खरं, रस्ता कंटाळवाणा आहे. दशम्यांनी तारलं.

उंटावरचा_शहाणा
वृत्तांत आवडला. बाबांना बिअर दिलीत का?

ट्रामवाला
मिंडिल बीचवर, आईंचं लक्ष नसताना. त्यांना माहीत आहे, फक्त बोलल्या नाहीत.

मीनाक्षी_ब्रिस्बेन (२० सप्टेंबर)
छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं म्हणतोय, तिकिटं खूप स्वस्त आहेत. कसं राहील?

गोधडी
ताई, माझा प्रतिसाद वाचला नाहीत का 🙏

टेरिटरीकर
स्वस्त का आहेत ते वर लिहिलंय सगळं. पण एक सांगतो, मला स्वतःला वेटच आवडतो. काकाडूच्या बिनिंज आदिवासींचे सहा ऋतू आहेत, डिसेंबरअखेर गुजेवग लागतो, सगळं हिरवं, संध्याकाळी डार्विन बंदरावर विजा अशा चमकतात की लोक खुर्च्या घेऊन बघायला बसतात. धबधबे विमानातून बघायचे, डोह बरेचसे बंद, उबीर कधी कधी पाण्याने तुटतं. हे चालत असेल आणि घामाचं काही वाटत नसेल तर या. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर जूनमध्ये या.

मीनाक्षी_ब्रिस्बेन
आम्ही दोघंच आहोत. नवरा चिपळूणचा, त्याला घामाचं काही वाटत नाही.

टेरिटरीकर
मग काय, या. बंदरावर खुर्ची धरून ठेवतो.

चिंबोरी
ट्रामवाले, एवढं सगळं लिहिलंत, जिताड्याचं काय झालं ते राहिलंच.

ट्रामवाला
जबिरूत मागवला. पीठ लावून, तळून, चिप्सबरोबर.

चिंबोरी
मी हा धागा सोडतोय.